शिक्षिकेने कमी बोलावे

सोमवार

मानवजातीने डावखुऱ्यांवर केलेल्या अन्यायांचा इतिहास कोणी लिहायला घेतलाच, तर त्यातलं एक प्रकरण आजच्या खुर्चीला द्यावं लागेल. तिच्या उजव्या हाताला एक छोटी फळी असते, तिच्यावर वही ठेवून लिहायचं. फळी फक्त उजवीकडे. वर्गातल्या सगळ्या खुर्च्या तशाच, एक पंख कापलेल्या कोंबड्यांसारख्या ओळीने उभ्या. दिवसभर मी पिळून टाकलेल्या चादरीसारखी बसून लिहीत होते. कचेरीतल्या माणसाकडे तक्रार केली, तर तो म्हणाला, "मॅडम, महिनाभराचाच प्रश्न आहे. उजव्या हाताने लिहून बघा."

तर या खुर्चीवर बसून मी महिनाभर इंग्रजी शिकवायला शिकणार आहे. इंग्रजी मला येतं. ज्यांना ते येत नाही आणि ज्यांची भाषा मला येत नाही, अशा मोठ्या माणसांना ते इंग्रजीतूनच कसं शिकवायचं, हे शिकायचंय. त्यासाठी परमुलखातून कामाला आलेली खरीखुरी माणसं आणली जातात. शिकाऊ न्हाव्याकडे फुकट दाढी मिळते, तसं त्यांना फुकट इंग्रजी मिळतं. कापलं तर तक्रार नाही.

या वयात हे कशाला? तर मासिक संपलं म्हणून. कंपनीचं अंतर्गत मासिक. त्याचं शेवटचं पान मी लिहायचे, विनोदी. आधी साहेब हसायचे, मग ऑफिसचा सगळा मजला हसायचा, इतकं ते पान लोकप्रिय. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी अर्ज केले. उत्तरं आली नाहीत असं नाही, "आपला अर्ज मिळाला" असं दोघांनी कळवलं. शेवटी नणंद धावून आली. ती एका भाषाशाळेच्या कचेरीत आहे. "वहिनी," ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात एक जागा रिकामी होतेय. हातात प्रमाणपत्र असेल तर तुमची. नसेल तर मी कोणत्या तोंडाने सांगू?"

प्रमाणपत्राचा नियम सोपा आहे. सहा सराव पाठ घ्यायचे, त्यातले चार समाधानकारक हवेत.

आम्हाला शिकवणाऱ्या बाई फारच कमी बोलतात. मी त्यांचं नाव मौनीबाई ठेवलं. माझ्या शेजारी एक निवृत्त बँक कॅशियर बसतात. ते अजूनही कागद मोजून घेतात. अशा माणसासमोर काय स्पर्धा असणार?


बुधवार

पहिला पाठ. जिंकले.

विषय होता 'हॉटेलात मागणी देणे'. मी वेटर झाले, चिडकं गिऱ्हाईक झाले, गिऱ्हाइकाची त्याहून चिडकी बायको झाले. वर्ग खदखदून हसला. खिडकीजवळ एक आडव्या बांध्याचा माणूस बसतो, बसआगारात काम करतो म्हणे. तो तर डोळे पुसत होता. असा रसिक नशिबाने मिळतो. मी त्याचं नाव 'रसिक'च ठेवून टाकलं.

मग मौनीबाईंसमोर बसले. त्यांनी एक कागद पुढे केला. त्यावर वर्गाचा नकाशा, आणि जो जो बोलला त्याच्या खुर्चीपुढे रेघ. माझ्या नावापुढे रेघांचं कुंपण. विद्यार्थ्यांपुढे तुरळक रेघा, पावसाने ओढ दिलेल्या शेतासारख्या. रसिकापुढे एकही नाही.

"काय वाटतं?" त्या म्हणाल्या.

"लोकांना मजा आली."

"हो. ते काय शिकले?"

मी म्हटलं, आनंदी माणूस लवकर शिकतो. त्या म्हणाल्या, "असेल." आणि खाली लिहिलं, असमाधानकारक. शेरा एका ओळीचा: शिक्षिकेने कमी बोलावे.

ज्या बाईला स्वतःला दोन शब्दांच्या पुढे बोलता येत नाही, तिने बोलण्याबद्दल निकाल द्यावा, हे म्हणजे मुक्याने गवयाची परीक्षा घेण्यासारखं आहे.


गुरुवार

कॅशियरांचा पाठ झाला. एखाद्या कंटाळवाण्या सभेचं इतिवृत्त वाचावं तसं वाटलं. एक वाक्य सांगायचे आणि गप्प उभे राहायचे, जणू खिडकीबाहेरच्या रांगेची वाट बघतायत. वर्गातली माणसं बापडी आपापसात बोलत बसली, दुसरं करणार काय.

त्यांना समाधानकारक मिळालं. न्यायदेवता आंधळी असते हे माहीत होतं. तिला कंटाळाही आवडतो, हे आज कळलं.


रविवार

जेवताना नवरा म्हणाला, "ताईच्या कचेरीत गेलो होतो. तिच्या टेबलावर तुमचं मासिक पडलं होतं. या महिन्याचं."

मी म्हटलं, "असेल जुनं."

"या महिन्याचं होतं. शेवटचं पान कुणीतरी नवीन मुलगी लिहिते."

"मग? वाचलंस?"

"नाही. मी कशाला वाचू?" तो ताटातच बघत होता. "तू 'मासिक बंद झालं' असं सगळ्यांना सांगत होतीस, म्हणून म्हटलं."

"बंदच झालं. माझ्यापुरतं."

त्याने पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. मला पाणी नको होतं. मासिकाच्या विषयात मला काडीचा रस नाही. ती मुलगी दर वेळी साहेबांच्या कुत्र्यावर लिहीत असणार. पहिल्या अंकापासून.


सोमवार

दुसरा पाठ. असमाधानकारक.

विषय 'वाट विचारणे'. मी टेबलांचे रस्ते केले आणि स्वतः त्यात हरवले. वर्ग पोट धरून हसला. मध्येच मी रसिकाला विचारलं, "बँक कुठे आहे?" तो हसला. पुन्हा विचारलं, आणखी मोठ्याने हसला. काय समज आहे, हरवलेल्या माणसाला वाट विचारण्यातला विनोद बरोबर पकडला पठ्ठ्याने. मी त्याच्या पाठीवर थाप मारून पुढे गेले.

मौनीबाई म्हणाल्या, "त्याने वाट सांगितली नाही."

"तो विनोद समजला."

"तुम्हाला कशावरून कळलं?"

काय उत्तर देणार असल्या प्रश्नाला? विनोद समजल्याची पावती हसणं नाही तर दुसरी कुठली?

राहिलेले चारही पाठ आता पार पडले पाहिजेत. एक जरी गेला तरी महिना पाण्यात. मौनीबाईंनी हे आवाज न चढवता सांगितलं. चढवला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.


मंगळवार

नणंदेचा फोन.

"वहिनी, कसं चाललंय? आमच्या मोठ्या बाई विचारत होत्या. मी सांगून टाकलं, आमच्या वहिनी बोलायला एक नंबर."

मी म्हटलं, "तेच नडतंय."

ती हसली. मी चेष्टा करतेय असं तिला वाटलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "खरंच, वहिनी, मी शब्द टाकलाय हं. दुसरीही एक जण रांगेत आहे. प्रमाणपत्र घेऊन बसलीये."

दुपारी टाचण लिहायला बसले. टाचण म्हणजे पाठाचा आराखडा, कितव्या मिनिटाला काय करायचं ते. मी लिहिलं: 'शिक्षिका प्रश्न विचारते. शिक्षिका थांबते.' पुढे काय लिहावं सुचेना. थांबून मी करायचं काय? हात कुठे ठेवायचे?


बुधवार

आज कॅशियर आपणहून जवळ आले. म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. तोंडात खोकल्याची गोळी ठेवा."

"मला खोकला नाही."

"म्हणूनच. मोठी गोळी असते, ती असताना लांब वाक्य बोलता येत नाही. छत्तीस वर्षं काउंटरवर मी तेच केलं. नाहीतर गिऱ्हाइकांना काय काय बोललो असतो, देव जाणे."

ही पहिली गोष्ट त्यांनी सांगितली, जिच्यावर मला मनापासून हसू आलं. त्यांनी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि उघडून दोन माझ्या हातावर ठेवल्या.


गुरुवार

गोळीने चमत्कार केला. पाठ घेतला की गोळी चघळली, सांगता येणार नाही. विषय 'रोजची कामं'. एक वाक्य सांगायचं आणि चघळायचं. मला बोलता येईना म्हणून वर्ग बोलायला लागला. हॉटेलच्या स्वयंपाकघरात भांडी घासणारी एक बाई आहे, ती तर सुटलीच. तिच्या वाक्यात मला तीन विनोद दिसले. तिन्ही गिळले, गोळीबरोबर.

समाधानकारक.

मौनीबाई म्हणाल्या, "घसा बरा आहे ना?"

मी मान हलवली.


शुक्रवार

आज पाठ नव्हता. आज आम्हालाच विद्यार्थी केलं. मौनीबाई वर्गात आल्या आणि त्यांच्या आजोळच्या भाषेत बोलू लागल्या. फक्त त्याच भाषेत, पूर्ण तासभर. ही इथली रीतच आहे म्हणे. शिकवणाऱ्याने एकदा तरी नवशिक्या होऊन बसावं.

एरवी मुकी असणारी ही बाई त्या भाषेत चक्क गप्पिष्ट आहे. हातवारे करते, भुवया उडवते. माझ्या कानावरून शब्द घरंगळत होते, एकही हाताला लागत नव्हता. दाराकडे बोट दाखवून त्यांनी काहीतरी म्हटलं, आणि कॅशियर हसले. मीही हसले. जोरात. मागचे दोघेही हसले.

मग त्यांनी माझ्याकडे पाहून प्रश्न विचारला.

प्रश्न होता एवढं कळलं, कारण शेवटी आवाज वर गेला. मी हसले. त्या थांबल्या. मी तोंड वेडंवाकडं केलं, माझं हे तोंड मजल्यावर प्रसिद्ध होतं. कोणी हसलं नाही. त्या थांबलेल्याच. रागाने नव्हे, नुसत्या. माझे कान तापले. टेबलावर कुणाचं तरी घड्याळ टिकटिकत होतं. मनात एकच प्रार्थना होती, या बाईने दुसऱ्या कुणालातरी विचारावं, कुणालाही.

त्यांनी मागच्याला विचारलं. मला इतका आनंद झाला की शरमच वाटली.

बाहेर आल्यावर मी कॅशियरांना म्हटलं, "दाराचं काय म्हणाल्या हो त्या? एवढं हसू कशाचं आलं तुम्हाला?"

"मला काय ठाऊक?" ते म्हणाले. "तुम्ही तोंड उघडलंत, मला वाटलं हसताय. म्हणून हसलो."

"मी जांभई देत होते."

आम्ही दोघेही जिन्यात उभे राहिलो. हसलो नाही. ते म्हणाले, "चहा घेऊ या."


सोमवार

चौथा पाठ. समाधानकारक. गोळी संपत आली की बोलण्याची उबळ येते, म्हणून दोन ठेवल्या. लाळ गिळण्यातच निम्मा पाठ गेला.

एक गोष्ट उगाच लिहून ठेवते. भांडीवाल्या बाईने काहीतरी गंमत केली, वर्ग हसला, आणि रसिक सगळ्यांनंतर हसला. हसण्याआधी तो शेजारणीकडे बघत होता. ऊन डोळ्यावर येत असेल. खिडकीजवळच्या जागा वाईट असतात.

नवऱ्याला घरी विचारलं, "माझं शेवटचं पान तू वाचायचास ना?"

"वाचायचो की."

"हसायचास?"

"बरं असायचं," तो म्हणाला. आणि बऱ्याच वेळाने, भांडी पुसता पुसता, "साहेबांना आवडायचं ना ते?"


बुधवार

पाचवा पाठ. समाधानकारक, पण काठावर. मौनीबाई म्हणाल्या, "खिडकीपाशी तुम्ही गेलाच नाहीत."

खरं आहे. मुद्दामच गेले नाही. रसिकाला विचारलं असतं आणि तो हसला असता, तर मी काय करणार होते? हसला म्हणून पुढे जायचं, तर मौनीबाई रेघ ओढणार. थांबायचं, तर टाचण कोसळणार. त्यापेक्षा भिंतीकडची माणसं बरी, विचारलं की बोलतात.

आता एक पाठ. परवा. नणंदेने आजच कळवलंय, शनिवारी दुपारपर्यंत होय किंवा नाही सांगायचं. दुसरी बाई वाट बघतेय.


गुरुवार

टाचण चार वेळा लिहिलं. 'आधी तुम्ही काय काम करत होता?' हा विषय मी निवडलेला नाही, चिठ्ठीतून निघाला. जोडीजोडीने विचारायचं, मग सगळ्यांसमोर सांगायचं, शेवटी एक खेळ. खेळावर सगळं टाचण उभं आहे. खेळ झाला तर पाठ पूर्ण, नाही तर अर्धवट. अर्धवट पाठ समाधानकारक होत नाही, असं कॅशियरांचं मत. ते सहसा चुकत नाहीत.

त्यांनी दोन गोळ्या देऊ केल्या. घेतल्या नाहीत. का, ते मलाही सांगता येणार नाही. घेतल्या असत्या तर शहाणपणाचं झालं असतं.

जेवण गेलं नाही. नवरा म्हणाला, "उद्या झालं नाही तरी चालेल." तो इतकं गोड बोलला की माझी खात्रीच पटली, चालणार नाही.


शुक्रवार

नीट लिहिते, नाहीतर उद्या मी यातला विनोद करून टाकीन.

पाठ बरा सुरू झाला. जोड्या बोलल्या. भांडीवाली बाई म्हणाली, पूर्वी ती शेतावर होती. एकजण म्हणाला, तो लग्नांत बाजा वाजवायचा. मागे मौनीबाई कागद घेऊन बसल्या होत्या. दाराबाहेर कॅशियर आपल्या पाठाचे कागद मोजत उभे होते, पुढचा पाठ त्यांचा.

खेळ सुरू करायची वेळ झाली होती. मी वळले, आणि नेमका रसिक समोर आला. मी त्याला विचारलं, "आणि तुम्ही? आधी काय करत होता?"

तो हसला. सवयीने वर्गही हसला.

मी हसले नाही.

त्याने शेजारणीकडे पाहिलं. तिने तोंड उघडलं, सांगायला. मी तिला हाताने थांबवलं. का केलं, माहीत नाही. टाचणात ते नव्हतं. खेळाचे कागद माझ्या हातात होते, त्यांच्या कडा ओल्या झाल्या.

वर्ग गप्प झाला. खुर्ची करकरली आणि थांबली. त्याचं हसू चेहऱ्यावर एकटंच राहिलं, पाहुणे निघून गेल्यावर ओसरीवर उरलेल्या खुर्चीसारखं. मग तेही गेलं. त्याखालचा चेहरा मी पहिल्यांदाच पाहिला. दमलेला, बऱ्याच दिवसांचा जागा.

मागे कागद वाजला. मौनीबाईंनी काहीतरी लिहिलं. मला वाटलं, गेलं. खेळ गेला, पाठ गेला, नणंदेचा शब्द गेला. एक विनोद केला असता तर सगळे सुटले असते, तोसुद्धा. विनोद माझ्या जिभेवर तयार होता. तो बराही होता.

मी उभी राहिले.

"बस," तो म्हणाला. त्याने हवेत स्टिअरिंग फिरवलं आणि नकारार्थी मान हलवली. "बस. आय... नॉट ड्रायव्हर." त्याने तळहात खाली केला, जमिनीजवळ नेला. "अंडर."

कुणी हसलं नाही.

"बसच्या खाली?" भांडीवालीने विचारलं. इंग्रजीतच, पण तिच्या पद्धतीचं.

"येस. अंडर. रिपेअर." तिथे आणि इथे, तेच काम. त्याने बोटांनी दाखवलं, आधी लांब कुठेतरी, मग पायांखालची फरशी. "देअर, सेम. हिअर, सेम."

"चांगलं की वाईट?" बाजेवाल्याने विचारलं.

त्यावर त्याने विचार केला. खरोखर विचार. "डार्क," तो म्हणाला. "बट क्वाएट."

मग सगळेच त्याला विचारू लागले. पाऊस आत येतो का, तेल डोळ्यात जातं का, बायको काय म्हणते. तो अडखळत होता, थांबत होता. मला काही करावं लागत नव्हतं. मी नुसती उभी होते, हात कुठे होते ते आठवत नाही.

मग तो माझ्याकडे वळला. "टीचर. यू? बिफोर?"

वर्ग माझ्याकडे बघायला लागला.

मौनीबाई उठल्या. वेळ संपली. कॅशियर दारातून आत डोकावले. "लेटर," मी म्हटलं. नंतर सांगते. खेळाचे कागद तसेच हातात घेऊन बाहेर आले.

मौनीबाईंसमोर बसले. "काय वाटतं?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "खेळ झाला नाही. टाचण अर्धं राहिलं."

"हो."

"मग?"

"मी काय वाटतं ते विचारलं. काय झालं नाही ते मलाही दिसलं."

त्यांनी वाट पाहिली. त्यांना वाट बघता येते. शेवटी मी म्हटलं, "मला वाटलं, तो बोलणारच नाही. आणि मी तिथेच उभी राहीन."

त्यांनी कागद फिरवला. रेघांचा नकाशा. खिडकीपाशी रेघांची दाटी, माझ्या नावापुढे मोजक्या. खाली निकालाचा रकाना रिकामा. "अर्धवट पाठाला दुसऱ्या परीक्षकाचीही सही लागते," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी कळेल."

उद्या सकाळी. नणंदेला दुपारी सांगायचंय.


शनिवार

सकाळी सातला केर काढला. आठला परत काढला. नवरा म्हणाला, "फरशी झिजेल." मी त्याला एक टोमणा मारला, तो इथे लिहिण्यासारखा नाही. त्याने शांतपणे माझ्या हातातला झाडू घेतला.

दहाला मौनीबाईंचा फोन आला. एवढंच म्हणाल्या, "समाधानकारक. शेरा वाचून दाखवू?"

"नको," मी म्हटलं. मग म्हटलं, "बरं, दाखवा."

"टाचण पूर्ण झाले नाही. पुढच्या वेळी खेळ छोटा ठेवावा."

बाकी काही नव्हतं. त्यांचंही बरोबर आहे.

नणंदेला कळवलं. ती फोनवरच रडली. ही एवढी घाबरलेली असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. "वहिनी," ती म्हणाली, "मी मोठ्या बाईंना काय काय सांगून बसले होते, तुम्हाला माहीत नाही." माझ्या ओठांवर एक वाक्य आलं होतं. ते तसंच ठेवलं, तिला रडू दिलं.


सोमवार

अभ्यासक्रम संपला. आता दुसरे शिकाऊ येतील, आणि तो वर्ग त्यांचा. मी दुपारी आगारात गेले.

फाटकावरच्या माणसाला कोण हवंय ते सांगता येईना, माझ्याकडे त्याचं नाव नव्हतं, मी ठेवलेलं होतं तेवढंच. आडवा बांधा, असं हाताने दाखवलं. त्याने एका बसकडे बोट केलं. खालून दोन बूट बाहेर आले होते.

मी थांबले. हाका मारल्या नाहीत. बऱ्याच वेळाने तो सरकत बाहेर आला, मला पाहून उठून उभा राहिला आणि हसला. मग त्याचं हसू ओसरलं, आणि तो बघत राहिला.

"शुक्रवारी तुम्ही विचारलं होतं," मी इंग्रजीत म्हटलं. हळू, त्याला पेलेल अशा वाक्यांत. त्या वाक्यांत इकडेतिकडे पळायला जागा नसते. "आधी मी ऑफिसात होते. मासिकात लिहायचे. बरीच वर्षं. त्यांनी मला काढलं. मासिक आहे. मी नाही."

त्याने फडक्याला हात पुसले, एकेक बोट.

"यू सॅड?" तो म्हणाला.

"येस."

त्याने मान हलवली. मग रस्त्याकडे पाहिलं, आणि विचारलं, मी कुठे राहते. मी सांगितलं. त्याने पलीकडे उभ्या असलेल्या बसकडे बोट केलं. "दॅट वन," तो म्हणाला. "गुड बस. आय नो अंडर."

मी त्या बसने घरी आले.